कोविडमध्ये स्वीडनचं धोरण बरोबर होतं का? अभ्यासकांचं एकमत का होत नाही?

लॉकडाऊन न लावणाऱ्या स्वीडनला एक अभ्यास यशस्वी ठरवतो, दुसरा अपयशी; मग खरं कोणाचं मानायचं, असं तुम्ही विचारलंय. निष्कर्षाकडे जाण्याआधी तुलना कशाशी केली आहे ते बघा. बरंचसं भांडण तिथेच आहे.

स्वीडनमध्ये २०१८ साली सुमारे ९२ हजार मृत्यू झाले, २०१९ मध्ये ८९ हजार आणि २०२० मध्ये ९८ हजार. २०१९ पाया धरला तर वाढ नऊ हजारांची, २०१८ धरला तर सहा हजारांची! २०१९ हे वर्षच कमी मृत्यूंचं होतं, म्हणून अनेक जण मागच्या पाच वर्षांची सरासरी घेतात. पण मृत्युदर मुळातच घटत असेल, तर जुन्या सरासरीमुळे जादा मृत्यू, म्हणजे एरवी अपेक्षित असतात त्याहून जास्त झालेले मृत्यू, कमी दिसतात. इथे कोणी खोटं बोलत नाही, तरी उत्तरं वेगळी येतात.

कालावधीचंही तसंच. २०२० पुरतं पाहिलं तर नॉर्वे आणि फिनलंडपुढे स्वीडनची कामगिरी फारच वाईट दिसते. २०२० ते २०२२ एकत्र धरले, तर जादा मृत्यूंत स्वीडन युरोपातल्या सर्वांत कमी देशांमध्ये येतो.

निर्बंधांचं श्रेय मोजणं याहून अवघड. लंडनच्या इम्पिरियल कॉलेजच्या गटाने २०२० मध्ये ‘नेचर’ या विज्ञान नियतकालिकात अंदाज मांडला की ११ युरोपीय देशांत निर्बंधांमुळे सुमारे ३१ लाख जीव वाचले. त्यावर स्वीडनच्या लुंड विद्यापीठातल्या संशोधकांसह काहींनी त्याच नियतकालिकात आक्षेप घेतला: निर्बंध इतके पाठोपाठ लागले की कोणाचा परिणाम किती, हे त्या आकडेवारीतून वेगळं काढताच येत नाही. शिवाय लोक भीतीपोटी आपणहून घरी थांबले, ते कोणाच्या खात्यावर टाकायचं?

माझं मत विचाराल तर स्वीडनच्याच चौकशी आयोगाचा निष्कर्ष मला सर्वांत प्रामाणिक वाटतो. सरसकट टाळेबंदी न लावणं ढोबळमानाने योग्य होतं, पण २०२० च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये अधिक कडक पावलं उचलायला हवी होती, असं त्याने २०२२ मध्ये म्हटलं. वृद्धांची काळजी घेणाऱ्या व्यवस्थेवर तर त्याने डिसेंबर २०२० मध्येच बोट ठेवलं होतं. तिथल्या उणिवा साथीच्या कितीतरी आधीपासून माहीत होत्या आणि त्याची जबाबदारी आजी-माजी सरकारांची, असं त्याने स्पष्ट लिहिलं. तीन वर्षांची बेरीज कितीही चांगली निघाली, तरी २०२० च्या वसंतात वृद्धाश्रमांत झालेल्या मृत्यूंचा जाब त्या बेरजेने मिटत नाही.