मरीन ड्राइव्हवर उंची उणे ५८ मीटर कशी?

प्रश्न: मी आणि बायको रोज सकाळी मरीन ड्राइव्हला चालायला जातो. माझ्या अँड्रॉइड फोनमधलं अ‍ॅप तिथली उंची उणे ५८ मीटर दाखवतं, तिच्या आयफोनवर ६ मीटर येते. जुलैत कळसूबाईला गेलो, तर एकूण चढ माझ्याकडे १२१० मीटर आणि बरोबरच्या मित्राच्या घड्याळात ८९०. यातलं खरं काय धरायचं?
— एक वाचक, गिरगाव

उत्तर: आधी मरीन ड्राइव्हचं घेऊ, कारण तुमचा फोन बिघडलेला नाहीये आणि ते उणे ५८ सुद्धा चुकीचं नाहीये, फक्त ते समुद्रापासून मोजलेलं नाही. जीपीएसला समुद्र माहीतच नसतो. त्याच्या हिशोबात पृथ्वी म्हणजे एक गुळगुळीत, जरासा चपटा गोल, आणि तुम्ही त्या गोलाच्या किती वर किंवा खाली आहात एवढंच तो सांगतो. खरा समुद्र असा गुळगुळीत नसतो, पृथ्वीचं गुरुत्वाकर्षण सगळीकडे सारखं नाही म्हणून पाण्याची पातळी कुठे फुगलेली तर कुठे दबलेली असते, आणि जगातला सगळ्यात मोठा असा खळगा आपल्याच देशाच्या दक्षिणेला हिंदी महासागरात आहे, तिथे पाणी त्या गोलाच्या शंभर मीटरहून जास्त खाली आहे. मुंबई त्याच खळग्याच्या उतारावर येते, त्यामुळे आपला अरबी समुद्रच त्या गोलाच्या साठेक मीटर खाली आहे! आयफोन हा फरक स्वतःच काढून टाकतो आणि मग आकडा देतो. अँड्रॉइड मुळात कच्चा आकडा अ‍ॅपच्या हातात ठेवतो, अँड्रॉइड १४ पासून समुद्रसपाटीची उंची देण्याची सोय आली खरी पण अ‍ॅपवाल्याने ती वापरली पाहिजे ना. तुमच्या अ‍ॅपने बहुतेक वापरलेली नाही.

आता कळसूबाई. इथे मी तुमच्या मित्राच्या बाजूने. बारी गावातून वर जाणारी वाट शिड्यांसकट जवळजवळ सगळी चढतीच आहे, म्हणजे शिखराच्या १६४६ मीटरमधून गावाची उंची वजा केली की जे येतं त्याच्या फार पुढे एकूण चढ जाऊच शकत नाही, १२१० तर नाहीच नाही.

मग जास्तीचे तीनशे मीटर आले कुठून? जीपीएसचे उपग्रह सगळे डोक्यावर असतात, पायाखाली एकही नाही कारण मध्ये पृथ्वीच आडवी येते. आडव्या दिशेत चारी बाजूंनी उपग्रह मिळतात म्हणून चुका एकमेकींना खातात, उंचीत तसं होत नाही, त्यामुळे जागेत पाच मीटरची चूक असेल तर उंचीत दहा-पंधराची सहज असते. समजा तुम्ही बारीत चहा-पोहे घ्यायला अर्धा तास बसलात, जागचे हललातही नाहीत, तरी फोनमधला आकडा तीन मीटर वर, दोन खाली, परत चार वर असा नाचत असतो आणि जे अ‍ॅप वर गेलेला प्रत्येक मीटर बेरजेत टाकतं त्याच्या लेखी तुम्ही बसल्या बसल्या डोंगर चढत असता. चांगली अ‍ॅप्स ठराविक मीटरच्या आतला चढ मोजतच नाहीत, पण ती मर्यादा प्रत्येकाची वेगळी.

मित्राच्या घड्याळात बॅरोमीटर असणार. तो हवेच्या दाबावरून उंची काढतो आणि चढ-उतार फार छान पकडतो, पण मूळ उंचीत साफ गंडू शकतो, विशेषतः मुंबईत. प्रमाण दाब १०१३ हेक्टोपास्कल धरलेला असतो, जानेवारीत आपल्याकडे साधारण तेवढाच असतो, पण जुलैत तो १००३-१००४ च्या आसपास उतरतो. दाब एक हेक्टोपास्कलने कमी झाला की घड्याळाला आपण साधारण साडेआठ मीटर वर आलो असं वाटतं. म्हणजे सेट न केलेलं घड्याळ पावसाळ्यात दादर चौपाटीवरसुद्धा ऐंशी मीटर दाखवेल. मी ट्रेकला जाताना स्टेशनच्या पिवळ्या पाटीवर समुद्रसपाटीपासूनची उंची लिहिलेली असते ती बघून गाडीतून उतरल्या उतरल्या घड्याळ सेट करते, लोणावळा असो की इगतपुरी. तुम्हीही करून बघा, फुकटात मिळणारा इतका चांगला आकडा दुसरा नाही.

प्रश्न: मुंबई मॅरेथॉनमध्ये सी लिंकवरून धावले पण अ‍ॅपने तिथली उंची जवळजवळ शून्य दाखवली. पुलाचा चढ तर पायांना चांगला जाणवला होता.
— एक वाचक, मुलुंड

उत्तर: पायांचंच बरोबर आहे. काही अ‍ॅप्स फोनची उंची टाकून देतात आणि तुमची जागा बघून जमिनीच्या नकाशातली उंची उचलतात. अशा बऱ्याच नकाशांच्या मुळाशी फेब्रुवारी २००० मध्ये एंडेव्हर स्पेस शटलमधून ११ दिवस रडारने केलेली मोजणी आहे. सी लिंक सुरू झाला २००९ मध्ये, म्हणजे त्या मोजणीत तिथे नुसतं पाणी! फ्लायओव्हरवरही हाच घोळ होतो. बॅरोमीटरचं घड्याळ घातलंत तर चढ नीट येईल, फक्त घामाने किंवा पावसाने त्याचं बारीक भोक बुजलं तर आकडे वेडेवाकडे येतात, तेव्हा गोड्या पाण्याने हलकं धुवा आणि वाळू द्या, टाचणी अजिबात घालू नका, आतला सेन्सर कायमचा जातो.