बारच्या रेषेशी जुळणारी नोट्सची प्रत

प्रश्न : मी संगीताच्या सॉफ्टवेअरमधल्या पियानो रोलमध्ये (नोट्स आखण्याच्या जाळीत) चार बीट्सच्या बारसाठी, म्हणजे तालाच्या एका खंडासाठी, बेसची ओळ लिहिली आहे. पहिला बीट रिकामा आहे. नोट्स दुसऱ्या बीटवर सुरू होऊन चौथ्या बीटच्या मध्यावर संपतात. सर्व नोट्स निवडून डुप्लिकेट केल्या की प्रत पुढच्या बारमध्ये योग्य जागी पडत नाही आणि प्रत्येक प्रतीबरोबर चूक वाढत जाते. क्वांटाइझ केल्यानेही, म्हणजे नोट्स आपोआप जवळच्या रेषेवर सरकवल्यानेही, फरक पडत नाही. असे का होते?

उत्तर : आपण नोट्स निवडल्या आहेत, बार निवडलेला नाही, सारा घोळ तेवढ्यामुळे होतो आहे. मिडीच्या (वादन संदेशांच्या रूपात नोंदवण्याच्या पद्धतीतल्या) नोटला आपण कोणत्या बारमध्ये आहोत हे ठाऊक नसते. तिच्यापाशी स्वर, आघाताचा जोर आणि टिक्समध्ये, म्हणजे बीटच्या बारीक समान भागांत, मोजलेली वेळ एवढेच असते, आणि बारच्या रेषा सॉफ्टवेअर तालाच्या मापावरून वेगळ्या आखते. त्यामुळे नुसत्या नोट्स निवडल्यावर बहुतेक वेळा पहिल्या नोटच्या आरंभापासून शेवटच्या नोटच्या अखेरीपर्यंतचे अंतर हीच निवडीची लांबी धरली जाते. आपल्या ओळीत ती अडीच बीट्स भरते, म्हणून पहिली प्रत चौथ्या बीटच्या मध्यावरच सुरू होते, म्हणजे हव्या त्या जागेच्या दीड बीट आधी. दुसरी प्रत तीन बीट्स आधी येते. एका बीटला 960 टिक्स धरल्या, तर बार 3840 टिक्सचा होतो आणि आपली निवड केवळ 2400 टिक्सची. क्वांटाइझचा उपयोग होत नाही, कारण अर्ध्या बीटच्या ग्रिडवर (रेषांच्या जाळीवर) या चुकीच्या जागाही नेमक्या रेषेवरच असतात.

उपाय असा की वरच्या मापपट्टीवर बारच्या एका रेषेपासून दुसऱ्या रेषेपर्यंतचा काळ निवडावा आणि डुप्लिकेटची आज्ञा त्या काळाला द्यावी, म्हणजे आरंभीची आणि अखेरची रिकामी जागाही नोट्सबरोबर पुढे जाते. एबलटन लाइव्ह या सॉफ्टवेअरमध्ये लूपची (पुन्हा पुन्हा वाजणाऱ्या भागाची) लांबी पूर्ण एक बार ठेवून ‘डुप्लिकेट लूप’ वापरले, तरी हेच साधते. ज्या सॉफ्टवेअरमध्ये काळाची निवड अवघड आहे, तिथे ग्रिड एक बारवर ठेवून नोट्स ओढून प्रत करावी. त्यासाठी लॉजिक या सॉफ्टवेअरमध्ये ऑप्शन आणि क्यूबेसमध्ये अल्ट ही कळ दाबून धरतात. मात्र स्नॅप (ओढलेली नोट ग्रिडला जुळवणारी सोय) सापेक्ष, म्हणजे नोटचे रेषेपासूनचे मूळ अंतर राखणारा असावा, कारण निरपेक्ष स्नॅप नोटला तिच्या मूळ जागेचा विचार न करता थेट रेषेवर खेचतो. पूर्ण बारभर टिकणारी एक बनावट नोट घालून ती नंतर पुसण्याची युक्तीही काही जण वापरतात. ती चालते, पण मला ती पसंत नाही, कारण विसरून राहिलेली अशी एखादी नोट नंतर सॅम्पलरमध्ये (ध्वनिमुद्रित आवाज वाजवणाऱ्या वाद्यात) नको तो आवाज वाजवते.

हाताने वाजवलेल्या ओळीत अधिक काळजी घ्यावी लागते. बारचा पहिला स्वर वादकाकडून अनेकदा रेषेच्या काही टिक्स आधी पडतो, आणि काळाची निवड रेषेवरच सुरू झाली तर नेमका तोच स्वर मागे राहतो. अशा वेळी निवडीची दोन्ही टोके सारखीच मागे घ्यावीत. लांबी एक बार राहिली की प्रत जुळते आणि वादनातला तो किंचित उतावळेपणाही टिकतो. तो घालवण्यासाठी आधी सगळे क्वांटाइझ करणे मला ओळीवर अन्याय वाटतो. रेषा ओलांडून लांबणारी नोट प्रतीतल्या त्याच स्वरावर आली, तर पहिलीचा स्वर थांबवणारा ‘नोट ऑफ’ संदेश दुसरीलाही मध्येच थांबवू शकतो, म्हणून तिची अखेर आखूड करून घ्यावी. स्वर लांबवणारे सस्टेन पेडल वापरले असेल, तर कंट्रोलर 64 च्या (मिडीतल्या या पेडलच्या संदेशाच्या) नोंदी नोट्सबरोबर गेल्या आहेत ना, हेही पाहावे.

पुढे तालाचे माप बदलत असेल, तर प्रत तिथेच थांबवावी. सात-अष्टमांशाचा (साडेतीन बीट्सचा) बार याच हिशेबाने 3360 टिक्सचा असतो, त्यामुळे चार बीट्सची ओळ त्याच्या रेषेपलीकडे 480 टिक्स सांडते. तिथे ओळ हातानेच नव्याने बेतावी लागते.