सोडून साडेतीन महिने झाले, मग हाडं अजून का ठणकतात?

“पहिले दहा दिवस अंग मोडून निघालं, ते समजू शकतो. पण आता साडेतीन महिने झाले, सर. नडग्या, कंबर, मांड्या, सगळं ठणकतं. घेत होतो तेव्हा निदान हे दुखणं तरी नव्हतं.”

बोलणारा चौतिशीचा, सहा वर्षं हेरॉइनवर होता. शेजारी मोठा भाऊ. त्याचं मत ठरलेलं होतं, “पुन्हा घ्यायला बहाणे शोधतोय.”

ही तक्रार व्यसन सोडलेल्यांकडून वारंवार येते. त्यातलं शेवटचं वाक्य सगळ्यांत धोक्याचं, कारण परत नशेकडे नेणारी वाट तिथूनच फुटते.

हेरॉइनचं विथड्रॉवल, म्हणजे नशा थांबवल्यावर उठणारा त्रास, शेवटच्या डोसनंतर ८ ते २४ तासांत सुरू होतं, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी टोकाला जातं आणि आठवडा-दहा दिवसांत त्याचा शारीरिक त्रास बराचसा ओसरतो. झोप न लागणं, बेचैनी, ओढ हे पुढेही रेंगाळतं. पण साडेतीन महिन्यांनंतर वाढत चाललेलं हाडांचं दुखणं विथड्रॉवलच्या नावावर खपवू नये.

तो खुर्चीतून उठला तो दोन्ही हात मांड्यांवर रेटून. हातांची घडी छातीशी धरून उठायला सांगितलं, तर दोनदा अर्ध्यातून परत बसला. स्वतःच्याच अंगठ्याने नडगी दाबून पाहायला सांगितली, तेव्हा कळवळला. जिना कठड्याला धरून, अंग वर ओढत चढावा लागतो, हे त्याने विचारल्यावरच सांगितलं. मांड्यांचं बळ गेलंय आणि हाड दाबलं की दुखतंय, ही जोडी दिसली की रक्ततपासणीला उशीर करू नये.

डॉक्टरांकडे चिठ्ठी देऊन पाठवलं. २५-हायड्रॉक्सी व्हिटॅमिन डी, म्हणजे रक्तात मोजली जाणारी व्हिटॅमिन डीची पातळी, ७ नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर निघालं. २०च्या खाली कमतरता धरतात. हाडांची उलाढाल दाखवणारं अल्कलाइन फॉस्फेटेज आणि रक्तातलं कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड हार्मोन वाढलेलं, कॅल्शियम खालच्या काठावर. निदान झालं ऑस्टिओमलेशियाचं, म्हणजे खनिजं नीट न भरल्याने हाडं मऊ पडणं.

कारणं त्याच्या दिनक्रमातच होती. दिवसा झोप, रात्री जाग, वर्षानुवर्षं अंगावर ऊन नाही. जेवण कसंबसं एक वेळ. शिवाय ओपिऑइडमुळे, म्हणजे हेरॉइन-अफूच्या गटातल्या द्रव्यांमुळे, टेस्टोस्टेरॉन घटतं आणि त्याने हाडांची घनताही उतरते; त्याचंही कमीच आलं. दारू पिणाऱ्यांत याच्या जोडीला मॅग्नेशियम घसरतं, आणि ते भरून काढल्याशिवाय कॅल्शियम वर येत नाही. फिटसाठी फेनिटोइन किंवा टीबीसाठी रिफॅम्पिसिन चालू असेल तर व्हिटॅमिन डी शरीरात लवकर संपतं, म्हणून चालू असलेली प्रत्येक गोळी डॉक्टरांना सांगायची.

आता त्याच्या त्या वाक्याचं उत्तर. हेरॉइन हे स्वतःच जबर वेदनाशामक आहे. हाडं तेव्हाही मऊ होत होती, फक्त कळ वर येत नव्हती. हे ऐकून भाऊ बराच वेळ काही बोलला नाही.

डॉक्टरांनी व्हिटॅमिन डीची ६०,००० युनिटची मात्रा आठवड्यातून एकदा, ८ आठवडे दिली. सोबत रोज कॅल्शियम. व्हिटॅमिन डी स्निग्ध पदार्थांत विरघळतं, म्हणून ते भरल्या पोटी घ्यायचं. ऊन खिडकीच्या काचेतून घेऊन उपयोग नाही, कारण काच त्वचेत व्हिटॅमिन डी बनवणारे यूव्हीबी किरण अडवते.

गडबड पहिल्याच आठवड्यात झाली. “जास्त घेतलं तर लवकर बरं वाटेल” म्हणून त्याने तीन दिवसांत तीन मात्रा घेतल्या. नशेची सवय औषधालाही लागू होते, आणि हे आधीच ओळखून पाकीट भावाकडे ठेवायला हवं होतं. जादा व्हिटॅमिन डीने रक्तातलं कॅल्शियम चढतं. मग मळमळ, सारखी तहान, वारंवार लघवी, बद्धकोष्ठता, पुढे गोंधळलेपण. त्याचं कॅल्शियम तपासलं, सुदैवाने ठीक होतं. पुढची मात्रा डॉक्टरांनी पुढे ढकलली आणि तेव्हापासून ती भावाच्या हातून, एका ठरलेल्या वारी.

दुसरी अडचण म्हणजे आराम लगेच पडत नाही. स्नायूंचं बळ परतायला काही आठवडे आणि हाडांची कळ जायला काही महिने लागतात. या मधल्या काळासाठी वेदनेचा आराखडा आधीच ठरवला: डॉक्टरांनी ठरवून दिलेलं पॅरासिटामॉल, शेक, हलका व्यायाम. ट्रामाडोल नको, तेही ओपिऑइडच आहे. व्यसनाचा इतिहास लपवला तर नेमकं तेच हातात पडू शकतं.

प्रत्येक पाठदुखी मात्र व्हिटॅमिन डीची नसते. शिरेतून नशा घेतलेल्या माणसाला ताप आणि रात्री वाढणारी पाठदुखी असेल तर मणक्यात जंतुसंसर्ग असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. दारू पिणाऱ्याची जांघ चालताना दुखत असेल तर खुब्याच्या सांध्याची तपासणी हवी.

नवव्या आठवड्यात तो हात न टेकता खुर्चीतून उठला. जिन्यावर कठडा अजून लागतो. तिसऱ्या महिन्यात पुन्हा रक्त तपासलं, पातळी ३१ आली आणि मात्रा महिन्यातून एकावर आणली. ती बंद करायची नाही, हे भावाने पाकिटावरच लिहून ठेवलंय.