जर्मनीत शिरण्यासाठी अ‍ॅक्सिलरेटरला ६ टक्के द्यावेत का?

महापे एमआयडीसीत शीतगृहांसाठी तापमान नोंदवणारी वायरलेस यंत्रं बनवता, आणि जर्मनीतला एक अ‍ॅक्सिलरेटर (नव्या कंपन्यांना हिश्श्याच्या बदल्यात मार्गदर्शन आणि ओळखी देणारी संस्था) तीन महिन्यांच्या कार्यक्रमासाठी ६ टक्के शेअर मागतोय, द्यावेत का, असं विचारलंत. यंत्राला सीई मार्क (युरोपात विकण्यासाठी लागणारी, तिथले नियम पाळल्याची खूण) नसेल तर आत्ता देऊ नका. ते तीन महिने लॅबच्या मागे धावण्यातच जातील.

यंत्रात रेडिओ आहे आणि ते इंटरनेटला जोडलं जातं, म्हणून युरोपात १ ऑगस्ट २०२५ पासून लागू झालेल्या सायबर सुरक्षेच्या अटीही तुम्हाला लागतील. सगळ्या नगांना एकच पासवर्ड आणि तो न बदलताही यंत्र चालू होतं, इथेच बरेच जण अडकतात. मग फर्मवेअर (यंत्रातलं सॉफ्टवेअर) बदला, पुन्हा चाचणी करा. शिवाय शीतसाखळीतला ग्राहक ईएन १२८३० (तापमान नोंदवणाऱ्या यंत्रांचं युरोपीय मानक) चा अहवाल मागतो, आणि लिथियम बॅटरी असेल तर यूएन ३८.३ (वाहतुकीसाठीची बॅटरी सुरक्षा चाचणी) च्या अहवालाशिवाय माल विमानात चढत नाही. ही तयारी इथे बसून होते, त्यासाठी हिस्सा विकायचं कारण नाही.

अ‍ॅक्सिलरेटरकडून घ्यायची ती ओळख, तीही खरेदीचा अधिकार असलेल्या माणसाशी. मोठ्या कंपन्यांचा इनोव्हेशन विभाग पायलट, म्हणजे छोट्या प्रमाणावरची चाचणी, आनंदाने करतो, पण पुढच्या ऑर्डरचं बजेट खरेदी विभागाकडे असतं आणि त्याला तुमचं नावही माहीत नसतं. पायलट मरतो तो इथे. म्हणून सुरू करण्याआधीच लिहून घ्या: किती गोदामं, किती अंशांपर्यंत अचूकता, कोणत्या तारखेपर्यंत, आणि जमलं तर किती नग, कोणत्या दराने. फुकट पायलट करू नका. रक्कम लहान असली तरी बिल निघालं की तुम्ही त्यांच्या विक्रेत्यांच्या यादीत येता.

अ‍ॅक्सिलरेटरला एकच विचारा: मागच्या दोन बॅचमधल्या किती हार्डवेअर कंपन्यांना पैसे देणारा ग्राहक मिळाला? त्यातल्या तिघांना स्वतः फोन करा, ग्राहक न मिळता परत आलेल्या एकाला तर नक्कीच.

जर्मन जीएमबीएच (तिथली प्रायव्हेट लिमिटेड कंपनी) काढायची घाई नको. भागभांडवल २५,००० युरो लागतं, त्यातलं निम्मं नोंदणीआधीच भरावं लागतं, आणि इथून पैसे पाठवायचे तर बँकेमार्फत ओडीआयचा (परदेशातल्या गुंतवणुकीचा) फॉर्म एफसी भरून यूआयएन हा ओळख क्रमांक घ्यावा लागतो. पहिली बिलं एलयूटी (जीएसटी न भरता निर्यात करण्यासाठीचं हमीपत्र) भरून इथूनच काढा. डेमोची यंत्रं नेताना फिक्की या उद्योग संघटनेकडून एटीए कार्नेट (ड्यूटी न भरता माल तात्पुरता परदेशात नेण्याचा कागद) घ्या आणि नेलेला प्रत्येक नग परत आणा, नाहीतर तिथली ड्यूटी तुमच्या गळ्यात पडेल.