माझ्या माडाची खालची चुडतं (झावळ्या) पिवळी-तांबूस पडतायत. हा रोग आहे का, माड तोडावा का?

तोडू नका. प्रश्नातलं ते शेवटचं वाचलं आणि राहवलं नाही म्हणून लिहितेय.

आमच्याकडे पेडण्यात विहिरीजवळ सासऱ्यांनी लावलेले दोन बाणावली जातीचे माड होते. 2016 च्या उन्हाळ्यात दोन्हींची खालची चुडतं तुम्ही लिहिलंय तशीच झाली, टोकाकडून तांबूस होत आत येणारी, शेंडा मात्र हिरवागार. मे महिन्यात भावजी मुंबईहून आले, खालून मान वर करून बघितलं आणि ठरवूनच टाकलं, रोग लागलाय, दुसऱ्यांना लागायच्या आधी पाडा. त्या वर्षी गोव्यात माडाला झाडांच्या कायद्यातून वगळलेलं, परवानगी वगैरे काही लागत नव्हती (2017 मध्ये परत कायद्यात घेतलं आणि राज्यवृक्ष केलं, पण आमचा तोपर्यंत गेला). दोन तासात माड आडवा. बुंधा बघितला तर आत कुठे काळा डाग नाही, कुज नाही, कापल्या जागी पाणी पाझरतंय आणि पोयीला (फुलोऱ्याला) सुपारीएवढी फळं धरलेली. मी भावजींना बोलावून दाखवलं तर म्हणाले, रोग असा दिसत नसतो. दुसरा माड मी पाडू दिला नाही, त्यावरून घरात जे व्हायचं ते झालं.

रोग नव्हताच तो, पोटॅश म्हणजे पोटॅशियम कमी पडलेलं. पोटॅश अपुरं असलं की माड जुन्या पानातलं काढून नव्याला पुरवतो, म्हणून खालची पिवळी आणि शेंडा हिरवा. आपली जांभ्याची माती आणि वर्षाला तीन हजार मिलीमीटरच्या आसपास पाऊस, पोटॅश टिकणार कसं, धुवूनच जातं. एक पाती तोडून उन्हासमोर धरा, बारीक नारिंगी ठिपके आणि करपलेलं टोक दिसलं तर पोटॅशच. कडा पिवळ्या आणि शिरेजवळ हिरवं राहिलं असेल तर मॅग्नेशियम.

मोठ्या माडाला वर्षाला एक किलो युरिया, दोन किलो सुपर फॉस्फेट, दोन किलो म्युरेट ऑफ पोटॅश आणि अर्धा किलो मॅग्नेशियम सल्फेट. एक तृतीयांश पाऊस सुरू होताना, बाकीचं सप्टेंबर-ऑक्टोबरात. बुंध्याला चिकटून ओतू नका, सहा फुटांपर्यंत आळ्यात पसरून मातीत मिसळा आणि वर नारळाची सोडणं (सालं) पालथी रचा, ओल राहते. भावजींचं दुसरं म्हणणं होतं की पिवळं चुडत माडाचं रक्त पितं, कापून टाका. उलट आहे हो! त्या पिवळ्यातूनच माड उरलंसुरलं पोटॅश वर ओढत असतो, ते कापलं की मग पुढचं हिरवं पिवळं व्हायला लागतं.

आणि घाई करू नका. पिवळं झालेलं चुडत परत हिरवं होत नाही, नवी वर्षाला बारा-चौदाच येतात, म्हणजे अख्खं डोकं बदलायला दोन-अडीच वर्षं. आमचा 2019 मध्ये पुरता हिरवा झाला. गेल्या वर्षी त्या एका माडाचे 94 नारळ मी स्वतः मोजलेत, त्यातले वीस भावजी मुंबईला घेऊन गेले आणि माडाबद्दल एक शब्द नाही.

हां, एक राहिलंच. मधला कोवळा सुळका मऊ पडून घाण वास येत असेल किंवा बुंध्यातून तांबडा चीक गळत असेल तर मात्र तो खरा रोग, तिथे पोटॅशने काही होत नाही, लगेच विभागीय कृषी कार्यालयात जा. पानं काळी पडून खालच्या बाजूला पांढरी वेटोळी असतील तर ती पांढरी माशी, जोराचं पाणी मारा, विषारी फवारे नकोत, तिला खाणारे किडेच मरतात. आणि सासरे माडाच्या मुळाशी मीठ घालायचे ते अगदीच चुकीचं नव्हतं, माडाला क्लोरीन लागतं, पण पोटॅशचं काम मिठावर भागत नाही.

पाडेली (नारळ पाडणारा) येईल तेव्हा तो वर चढायच्या आधीच सांगून ठेवा, सुकून लोंबणारं तेवढं पाड, पिवळ्याला कोयती लावायची नाही.