'स्टेशन इलेव्हन' ही मालिका पाहून कादंबरीचे वाचक इतके नाराज का झाले? पुस्तक आवडले असेल तर मालिका पाहावी का?

आपण लिहिले आहे की एमिली सेंट जॉन मँडेल यांची 'स्टेशन इलेव्हन' ही कादंबरी आपण दोनदा वाचली आहे, तिच्यावरची मालिका पाहण्याची इच्छा आहे, परंतु प्रेक्षकांची मते ऐकून धीर होत नाही. कुणी म्हणते की मालिका पुस्तकाच्याही पुढे गेली आहे, तर कुणाला तो पुस्तकाशी केलेला द्रोह वाटतो. मी बडोद्यात राहते, येथील हौशी मराठी रंगभूमीवर बरीच वर्षे पडद्यामागची कामे केली आहेत, आणि ही कादंबरी माझ्याही फार जवळची आहे. त्यामुळे मालिका पाहताना मलाही प्रथम राग आला होता, आणि तो कसा ओसरला हे सांगितल्याशिवाय माझे उत्तर पूर्ण होणार नाही. आपण कादंबरी वाचलेली आहे असे धरून मी मालिकेचा शेवटही उघड करणार आहे. तो आधी कळू नये असे वाटत असल्यास कृपया येथेच थांबावे.

एका जीवघेण्या साथीने जग बुडाल्यानंतरची गोष्ट सांगणारी ही कादंबरी 2014 साली प्रसिद्ध झाली आणि 2015 चा आर्थर सी. क्लार्क पुरस्कार तिला मिळाला. मालिका दहा भागांची आहे. तिचे पहिले तीन भाग 16 डिसेंबर 2021 रोजी एकदम आले आणि शेवटचा भाग 13 जानेवारी 2022 रोजी. या तारखा मी मुद्दाम देत आहे. चित्रीकरणाला 2020 च्या आरंभी शिकागोत सुरुवात झाली होती, मग खरोखरीची महासाथ आल्यामुळे ते थांबले आणि उरलेले काम 2021 मध्ये कॅनडात झाले. साथीची गोष्ट सांगणाऱ्या मंडळींनाच मध्ये साथीने घरी बसवले. पुढे मालिका प्रेक्षकांपर्यंत पोहोचली ती नेमकी ओमिक्रॉनची लाट उसळत असताना. पहिल्या भागात रुग्णालयांतली गर्दी आणि रात्रीच्या रात्री किराणा भरून घेण्याची धांदल आहे, आणि ती पाहून ज्यांनी मालिका बंद केली त्यांच्याबद्दल मला काहीही म्हणायचे नाही. ती नापसंती कलाकृतीविषयी नसून त्या दिवसांविषयी होती, आणि आज एवढा काळ लोटल्यावर ती मते वाचताना ही गोष्ट ध्यानात ठेवली पाहिजे.

खरा वाद आहे तो जीवन या पात्राचा. कादंबरीच्या आरंभी टोरंटोच्या एल्गिन थिएटरमध्ये 'किंग लिअर'चा प्रयोग चालू असताना आर्थर लिअँडर हा नट रंगमंचावरच कोसळतो, प्रेक्षकांतून जीवन चौधरी धावत वर जातो, त्याच्या छातीवर दाब देत राहतो, आणि हे सारे आठ वर्षांची कर्स्टन ही बालनटी पाहत असते. जीवन तिच्याशी दोन शब्द बोलतो, तिला सांभाळणारी बाई येते, आणि तो बर्फात चालत निघून जातो. पुढे जग बुडते, वीस वर्षे सरतात, आणि ही दोघे पुन्हा कधीच भेटत नाहीत. पहिल्यांदा वाचताना मी अखेरच्या पानापर्यंत त्यांच्या भेटीची वाट पाहत होते. ती होत नाही, यातच त्या पुस्तकाचे दुःख आहे: माणसे एकमेकांच्या आयुष्यात क्षणभर येतात, त्या क्षणाचे मोल त्यांना कळतही नाही, आणि मग वाटा कायमच्या सुटतात.

मालिकेत गोष्ट शिकागोत घडते आणि जीवन कर्स्टनला घरी पोहोचवायला निघतो. तिच्या घरी कुणीच नसते. तेवढ्यात त्याच्या डॉक्टर बहिणीचा फोन येतो की भाऊ फ्रँककडे जा आणि दार लावून घ्या. (कादंबरीत हा फोन मित्राचा आहे.) जीवन त्या परक्या मुलीला बरोबर घेऊन जातो. एवढ्या एका बदलाने पुढचे सगळे बदलते. पुस्तकात जीवन आणि फ्रँक हे दोघेच भाऊ त्या उंच इमारतीतल्या घरात दिवस काढतात आणि चाकाच्या खुर्चीतला फ्रँक अखेर आत्महत्या करतो. मालिकेत तिघेजण राहतात, कर्स्टन त्या घरात एक नाटक बसवते, आणि त्या नाटकाच्या वेळीच घरात शिरलेल्या माणसाच्या हातून फ्रँक मारला जातो. पुढे जीवन आणि कर्स्टन यांची ताटातूट होते आणि वीस वर्षांनंतर, शेवटच्या भागात, ती दोघे भेटतात.

हे पाहून अनेक वाचक दुखावले, आणि त्यांची तक्रार मी पूर्णपणे समजू शकते. ज्या पुस्तकाने न झालेल्या भेटीचे दुःख इतक्या संयमाने सांगितले, त्यात भेट घडवून आणणे म्हणजे जखमेवर साखर शिंपडणे होय, असे मलाही वाटले होते. माझे मत बदलले ते सातव्या भागाने. त्यात मोठी झालेली कर्स्टन विषबाधेच्या भ्रमात त्या घरी परतते आणि लहानपणीच्या स्वतःजवळ उभी राहून ते हिवाळ्याचे दिवस पुन्हा पाहते. मॅकेंझी डेव्हिस आणि मटिल्डा लॉलर या दोघींनी एकच व्यक्ती अशी उभी केली आहे की चेहरे निराळे असूनही हट्ट एकच दिसतो. तेथे मला उमगले की मालिका कादंबरीचे उत्तर बदलत नाही, ती निराळा प्रश्न विचारते आहे. पुस्तकाचा प्रश्न होता की गेलेल्या जगाचे आपण काय जपून ठेवतो. मालिकेचा प्रश्न आहे की ज्याच्याशी आपले रक्ताचे काही नाते नाही, त्याची जबाबदारी अंगावर घेतल्यावर आपण त्याचे कोण होतो. आणि हिमेश पटेल यांचा जीवन हा काही आदर्श पालक नाही. तो घाबरतो, चिडतो, ती नकोशी झाल्याचे तिला कळू देतो. म्हणूनच शेवटची भेट मला साखर वाटली नाही. दोघे भेटतात, थोडे अंतर बरोबर चालतात आणि आपापल्या वाटेने जातात.

(हिमेश पटेल मूळच्या गुजराती कुटुंबातले आहेत. आमच्या शेजारच्या बेन त्यांना पाहण्यासाठी म्हणून माझ्याबरोबर बसल्या आणि इंग्रजी संवाद पुरते कळत नसतानाही दहाही भाग उठल्या नाहीत. कादंबरी त्यांनी वाचलेली नव्हती, त्यामुळे जीवनने मुलीला बरोबर नेले यात त्यांना आश्चर्य वाटण्यासारखे काही दिसलेच नाही, "छोकरीला एकटी कशी ठेवणार?" एवढेच त्या म्हणाल्या. पुस्तक न वाचलेल्यांना मालिका अधिक का आवडली, याचे उत्तर मला त्या वाक्यात मिळाले.)

मूळ कलाकृती बदलण्याचा हक्क किती, हा प्रश्न मराठी माणसाला नवा नसावा. आगरकरांनी 1883 मध्ये 'हॅम्लेट'चे 'विकारविलसित' केले; देवलांनी 'ऑथेल्लो'चे 'झुंझारराव' केले; आणि 1970 साली शिरवाडकरांनी 'नटसम्राट' लिहिले तेव्हा लिअरचा राजा काढून तेथे एक निवृत्त नट बसवला आणि त्याच्या तोंडी हॅम्लेटच्या स्वगताची छाया असलेले स्वगतही दिले. शेक्सपिअरशी इमान राखले नाही म्हणून 'नटसम्राट' आपण बाजूला ठेवले नाही, कारण म्हाताऱ्या बापाच्या बेघर होण्याचे जे मूळ दुःख, ते त्यात शाबूत होते. योगायोग असा की ही मालिकाही लिअरपासून निघते आणि हॅम्लेटपाशी पोहोचते. कर्स्टन मोठेपणी ज्या फिरत्या नाटक मंडळीत असते, ती कादंबरीत 'लिअर' आणि 'मिडसमर नाइट्स ड्रीम' करते. मालिकेत ती 'हॅम्लेट' करते. घोड्यांनी ओढलेल्या मोडक्या गाड्यांवर सामान लादून गावोगाव जाणारी ती मंडळी पाहताना मला जुन्या नाटक मंडळ्यांचे बिऱ्हाड आठवले. गंधर्व नाटक मंडळीला बडोदे दरबाराचा आश्रय होता, त्या मुक्कामांच्या गोष्टी आमच्या घरात माझ्या आजोबांपर्यंत चालत आल्या होत्या. नुसते तगून राहणे पुरेसे नाही, हे 'स्टार ट्रेक : व्हॉयेजर'मधले वाक्य त्या मंडळीचे ब्रीद आहे. ज्याने एकदा तरी विंगेत उभे राहून कुणाच्या एंट्रीची वाट पाहिली आहे, त्याला ते वेगळे समजावून सांगावे लागत नाही.

आता माझी स्वतःची तक्रार, जी मला जीवनविषयीच्या तक्रारीपेक्षा अधिक गंभीर वाटते. कादंबरीतला प्रेषित, म्हणजे आर्थरचा मुलगा टायलर, हा अल्पवयीन मुलींना बायका करून ठेवणारा माणूस आहे आणि त्याच्याच पंथातला एक मुलगा त्याला गोळी घालतो. मालिकेतला टायलर पोरक्या मुलांना गोळा करतो. आणि चौथ्या भागात त्याच्याकडची लहान मुले अंगावर सुरुंग बांधून एका वृद्धाला मिठी मारतात. तो प्रसंग मला अनेक दिवस डोळ्यांसमोरून हलवता आला नाही. पुढे साथीतून वाचलेले काही लोक जेथे राहतात त्या विमानतळावर 'हॅम्लेट'चा प्रयोग होतो, टायलर हॅम्लेट, त्याची आई एलिझाबेथ गर्ट्रूड आणि आर्थरचा मित्र क्लार्क क्लॉडियस, आणि नाटकातले शब्द बोलता बोलता मायलेकांमधली गाठ सुटते. प्रयोगाची कल्पना विलक्षण आहे आणि नाटकाचे सामर्थ्य मी नाकारणार नाही, पण त्या मुलांचे काय? त्यांचा हिशेब कुणी विचारत नाही. मालिकेला क्षमा इतकी प्रिय झाली की मेलेल्या मुलांकडे पाहायला तिला वेळ उरला नाही. येथे कादंबरी अधिक कठोर आहे आणि मला ती अधिक खरी वाटते.

त्याच विमानतळाच्या निमित्ताने मालिकेने जे मिळवले ते मात्र कादंबरीत नाही. आपल्याला ते विमान आठवत असेल: सेव्हर्न सिटीला उतरलेले, धावपट्टीच्या दूरच्या टोकाला उभे केलेले, ज्याचे दार कधीच उघडले नाही. आतल्या लोकांनी बाहेरच्यांना वाचवण्यासाठी दार बंद ठेवले असावे, एवढे पुस्तक आपल्याला जाणवू देते आणि पुढे जाते. मालिकेच्या शेवटच्या भागात कळते की मलेशियातल्या एका हॉटेलच्या खोलीत अडकलेल्या, स्वतः मरणाच्या दारात असलेल्या मिरांडाने, म्हणजे आर्थरच्या पहिल्या पत्नीने, त्या विमानाच्या कॅप्टनला फोन करून दार न उघडण्याची गळ घातली होती. डॅनिएल डेडवायलर यांनी तो प्रसंग बहुतेक केवळ आवाजावर पेलला आहे. ती वैमानिकाला आज्ञा करत नाही. आपल्या घरच्यांना वादळाने कसे नेले हे सांगते, आणि एका अनोळखी माणसाकडे इतर अनोळखी माणसांचे प्राण मागते.

एप्रिल 2021 मध्ये माझी आत्या नाशिकला वारली. आम्ही बडोद्याहून गाडी काढण्याच्या तयारीत होतो तेव्हा माझ्या आतेभावाचा फोन आला आणि त्याने शांतपणे सांगितले की कुणीही येऊ नका, मी सर्व करून घेईन. आम्ही गेलो नाही. त्याला ते वाक्य उच्चारणे किती जड गेले असेल, याचा विचार मी तोवर पुरेसा केला नव्हता. मिरांडाचा फोन ऐकताना केला आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याला फोन लावला. म्हणून हा बदल कादंबरीत नाही या कारणासाठी कुणी नाकारला तर मला वाईट वाटते.

काळाच्या उलटसुलट मांडणीविषयीची तक्रारही पुष्कळ ऐकू येते, पण ती मला या मालिकेपुरती पटत नाही. स्टीफन किंग यांच्या 1978 च्या 'द स्टँड'वर 2020 मध्ये जी नऊ भागांची मालिका आली, तिच्याबाबत ती तक्रार रास्त होती. त्या कादंबरीची सारी पकड साथ पायरीपायरीने पसरत जाण्यात आहे, आणि मालिकेने सुरुवातीलाच पुढच्या काळात उडी मारून ती पकड सैल केली. 'स्टेशन इलेव्हन' मात्र मुळातच मागेपुढे जाणारी आहे, आणि हे आपण दोनदा वाचून जाणताच.

तेव्हा मालिका अवश्य पाहावी, परंतु कादंबरी पुन्हा वाचून लगेच पाहू नये. मधे दोन-तीन महिने जाऊ द्यावेत, म्हणजे प्रत्येक प्रसंगाशी पान ताडून पाहण्याचा मोह होणार नाही. एका रात्रीत दोनपेक्षा अधिक भाग पाहू नयेत. तिसरा भाग संथ आहे आणि त्यात कर्स्टन जवळजवळ नाहीच, म्हणून माझ्या ओळखीच्या दोघांनी तो मधूनच सोडून दिला. तो मिरांडाचा भाग आहे, कृपया तो सोडू नये, कारण शेवटच्या भागातला तो फोन कोण करते आहे हे त्याशिवाय कळणार नाही.