मोठ्या शिकारीसाठी गोळीची निवड

१९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये आपल्याकडे शिकारीला बंदी आहे, आणि इंदूरच्या रेंजवर एअर रायफलने दहा मीटरवर नेम साधून या विषयाचा अंदाज येत नाही. तुम्ही रीतसर परवाना घेऊन नामिबियात कुडू या मोठ्या हरणासारख्या प्राण्याच्या शिकारीला निघाला आहात, म्हणून सविस्तर लिहितो. बहुतेक चर्चा कॅलिबरवर, म्हणजे इंचात मोजलेल्या गोळीच्या व्यासावर, होते, पण माझ्या मते गोळीची बांधणी अधिक महत्त्वाची आहे. दोनशे किलोंहून जड नराच्या खांद्याच्या हाडावर पातळ आवरणाची, हलकी, वेगवान गोळी आदळली, तर ती वरच्यावर फुटून विखुरण्याची, फुप्फुसांपर्यंत न पोहोचण्याची आणि जनावर जखमी अवस्थेत पळून तडफडत राहण्याची भीती असते, आणि हे कोणत्याही शिकाऱ्याला शोभत नाही. थर्टी-ऑट-सिक्स रायफल असेल, तर १८० ग्रेन (सुमारे ११.७ ग्रॅम) वजनाची, आवरणाला शिसे पक्के सांधलेली किंवा अखंड तांब्याची गोळी घ्यावी. तिचे टोक छत्रीसारखे उमलते, तरी बहुतांश वजन टिकून ती खोल जाते. आफ्रिकी रानम्हशीसाठी मात्र .३७५ कॅलिबरपासूनच विचार करावा. निवडलेल्याच काडतुसांनी, शक्यतो एकाच लॉटच्या, तिथे पोहोचल्यावर शंभर मीटरवर रायफल पुन्हा झिरो करून, म्हणजे नेम आणि गोळी लागण्याची जागा जुळवून, घ्यावी, कारण गोळी बदलली की मारा लागण्याची जागाही सरकते.